रूबेनची सही

१७ मार्च १७७७, सोमवार

आज सगळ्या हॅडलॉक गावादेखत माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातली बंदूक उचलून आणली. हुकूम कॅप्टन बार्लोचा, हात माझे. बरोबर चार जण दिले होते, जसा काही माझा मेहुणा तोफा लावून बसला होता. रूबेन परसात मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक ढवळत होता. मला बघून म्हणाला, "ये जोथम, होतच आलाय. चाखून बघ." मी म्हटलं, चाखायला आलो नाही.

गावच्या समितीचा कागद वाचून दाखवला. इंग्लंडच्या राजाशी नातं तोडल्याच्या शपथेवर सही कर, नाहीतर हत्यार दे आणि आपल्या शेताच्या दगडी बांधाबाहेर पाऊल टाकू नकोस. टाकलंस तर तुरुंग. त्याने पळी खाली ठेवली, हात पुसले, आत गेला आणि बंदूक आणून माझ्या हातात दिली.

"अठ्ठावन साली राजाच्या फौजेत भरती होताना तळ्याकाठी आपण दोघांनी एकाच बायबलवर हात ठेवला होता," तो म्हणाला. "तुझी शपथ सुटली असेल. माझी सुटत नाही."

मी म्हटलं, अरे, ती राजानेच मोडली. तर म्हणतो, राजाने मोडली असेल, पण मी राजाशी बोललो नव्हतो, देवासमोर बोललो होतो.

गाढव. राजावर प्रेम असतं तर एक वेळ समजलो असतो. चहावरच्या करावरून हा माझ्या दुप्पट बोंबलला होता. शाईचे चार थेंब सांडायचे, तेवढ्यासाठी घरदार पणाला लावतो. आणि माझी बहीण डॉर्कस त्याला एका शब्दाने बोलत नाही. उलट निघताना पाकाचं मडकं माझ्या हातात दिलं, वहिनीला दे म्हणाली. एका हातात बंदूक आणि एका हातात मडकं, असा मी गावातून आलो. लोक हसले. तिने मुद्दाम केलं.

६ एप्रिल, रविवार

प्रार्थनाघरात डॉर्कस एकटी बाकावर. शेजारची बाई उठून पुढच्या बाकावर गेली, मग तिची सून गेली. पाद्रीबुवा बापाविरुद्ध उठलेल्या पोरावर बोलत होते, कोण बाप आणि कोण पोर ते काही मला कळलं नाही. माझी बायको केझाया उठून डॉर्कसच्या शेजारी जाऊन बसली. मला न विचारता. मी माझ्या जागी बसून राहिलो. सगळ्यांनीच उठबस सुरू केली तर प्रार्थना कशी व्हायची?

५ मे, सोमवार

कवायतीचा दिवस. बार्लोने मला कॉर्पोरल केलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "मेहुण्याच्या घरात शिरून बंदूक आणतो, असा माणूस भरवशाचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं, पण कॉर्पोरलची काठी घेतली.

कवायत नेहमीप्रमाणे त्याच्याच गुत्त्यात संपली. बार्लोने सफरचंदाची सायडर पाजली आणि सहज विचारलं, रूबेनच्या ओढ्याकाठच्या कुरणात गवत किती निघतं? मी म्हटलं, चांगल्या साली बारा गाड्या. बारा, असं तो पुन्हा म्हणाला. वर ओढ्याला धार कशी आहे, तेही विचारलं. त्याला शेतीतलं काही कळत नाही, म्हणून विचारत असेल.

९ जुलै, बुधवार

उत्तरेचा किल्ला पडला. राजाची फौज कॅनडातून खाली उतरते आहे. ढोल वाजला, उद्या निघायचं. माझं सगळं गवत उभं आहे, पुढच्या दहा दिवसांत कापलं नाही तर काड्या होतील. दोन्ही मुली लहान, केझाया एकटी काय काय करणार?

बार्लो येत नाही. गावाच्या रक्षणासाठी कॅप्टनने मागे राहणं आवश्यक आहे म्हणे. कोणापासून रक्षण? बांधाआड बसलेल्या बिनबंदुकीच्या रूबेनपासून?

२८ जुलै, छावणी

वीस दिवसांत एकही गोळी झाडली नाही. झाडं तोडायची, वाटेवर आडवी पाडायची आणि मागे सरायचं. मांस आलं ते हिरवं पडलेलं. अर्धी पलटण पोट धरून झुडपात. माझंही तेच. लेफ्टनंट म्हणतो, देशासाठी सोसा. देशासाठी सोसायला हरकत नाही, पण या कुजक्या मांसाचा ठेका कोणी घेतला त्याचं नाव मला सांगा.

एकोणीस वर्षांपूर्वी याच वाटेने आलो होतो, तेव्हा राजाच्या बाजूने. मांडीतली गोळी ढग आले की अजून बोलते. आज दिवसभर बोलते आहे. इथे पाऊस म्हणजे घरीही पाऊस. गवत गेलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल संध्याकाळी पोचलो. आधी कोठाराकडे गेलो. माळा छपरापर्यंत भरलेला. हिरवं, सुवासाचं गवत, एक काडी काळी नाही.

केझायाला विचारलं, कोणी कापलं? ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, रूबेनभावजींनी. सहा दिवस येत होते, उजाडायच्या आत यायचे आणि ऊन चढलं की जायचे. डॉर्कस आणि मी वाळवत होतो.

मी संतापलो. कोणी बोलावलं त्याला? ती म्हणाली, मी बोलावलं. मी म्हटलं, तो बांध ओलांडून आला तर तुरुंग आहे हे तुला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि मी कॉर्पोरल आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या गोठ्यात वैऱ्याच्या हातचं गवत. गुरं ते खाणार, मी ते दूध पिणार.

मग ती थांबली. हाताचं पीठ झटकून म्हणाली, "ज्याने तुम्हाला पाठीवर घालून जंगलातून सहा मैल आणलं, त्याला तुम्ही वैरी म्हणता?"

मी म्हटलं, चार मैल होते.

जेवलो नाही. नंतर गोठ्यात जाऊन गुरांना गवत टाकलं. ती तरी उपाशी का राहतील?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बार्लोला कळलं आहे. मी बाहेर असताना हा गावाचा रक्षणकर्ता घोड्यावरून माझ्या शेतावरून गेला होता. कापलेल्या गवताच्या ओळी पडल्या होत्या, आणि ओळी सगळ्या उजवीकडे पडलेल्या. आमचा लांब दांड्याचा विळा गवत डावीकडे टाकतो. उजवीकडे टाकणारा डावखुरा गावात एकच. रूबेनने त्या विळ्याचं पातं लोहाराकडून उलटं घडवून घेतलं होतं, त्यावरून आम्ही वीस वर्षं त्याची टर उडवली.

बार्लोने महिनाभर कोणाला सांगितलं नाही. मी परत यायची वाट बघत होता. आज मला बोलावून म्हणाला, "सोमवारी रूबेन स्प्रेगला जिल्ह्याच्या तुरुंगात पोचवायचं. तूच न्यायचं. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर लोक म्हणतील, तुझ्या, केंडलच्या घरातलं प्रकरण म्हणून दाबलं."

मी म्हटलं, गवत माझं, माझ्या बायकोने बोलावलं, मला धरा. तो हसला. "तुला कशाला धरू? तू सही केली आहेस."

काठी त्याच्यासमोर टाकून यायला हवं होतं. पण टाकली असती तर रूबेनला दुसरं कोणी दोर बांधून नेलं असतं. मी निदान दोर बांधणार नाही. हे मी आज दहा वेळा मनाशी म्हटलं आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नेऊन आलो. काल पहाटे निघालो, वीस मैल चालत. डॉर्कसने त्याला घोंगडी, मोजे आणि चीज बांधून दिलं. माझ्यासाठीही वेगळी पुरचुंडी होती. मी घेतली नाही, तर रूबेननेच घेतली आणि दुपारी ओढ्यावर माझ्यापुढे ठेवली.

वाटभर मी बोलत होतो. आज माझीच मला लाज वाटते इतकं बोललो. तुझ्या हट्टापायी माझी बहीण उघड्यावर आली, तुला कोणी हुतात्मा म्हणणार नाही, तुझं नावही कोणाच्या लक्षात राहणार नाही. तो ऐकून घेत होता. मधेच म्हणाला, तुझ्या वरच्या कुरणात भुईतून एक दगड वर आलाय, पातं सांभाळ. मी ओरडलो, दगडाचं सोड, कागदाचं बोल.

तुरुंगाच्या दाराशी मी कागद काढला. शाईसुद्धा मागून ठेवली होती. तो म्हणाला, "जोथम, मला जमलं असतं तर मार्चमध्येच केली असती. तुझ्यासाठी केली असती."

तुरुंगाधिकाऱ्याने पावती दिली. एक माणूस पावला. वाटेत फाडून टाकली, मग पुन्हा तुकडे गोळा केले, कारण बार्लोला दाखवायला लागणार होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तरेला राजाच्या फौजेने हत्यारं खाली ठेवली. सबंध फौजेने. आम्ही महिनाभर पिछाडीच्या गाड्या राखत होतो, काल परतलो. गाव नाचतं आहे. बार्लोच्या गुत्त्यापुढे लाकडं रचली आहेत, तोच भाषण करतो आहे, जसं काही सेनापतीने तलवार त्याच्याच हातात दिली. मीही खूश व्हायला हवं. खूश आहे. हे लिहिताना पिसाचं टोक मोडलं.

रूबेनच्या ओढ्याकाठच्या कुरणात बार्लोची अठरा गुरं चरताहेत. डॉर्कसच्या एकट्या गायीला ओढ्यापलीकडे हाकललंय. समितीने वैऱ्याच्या जमिनीची "देखरेख" बार्लोकडे सोपवली आहे. वर ओढ्यावर खुंट्या ठोकून दोरी धरली आहे. तिथे तो लाकूडगिरणी काढणार. पुढच्या मार्चपर्यंत मालकाने शपथ घेतली नाही तर जमीन समितीची, म्हणजे त्याची.

बारा गाड्या. मी सांगितलं होतं.

गुरं हाकलून दिली आणि खुंट्या उपटल्या. संध्याकाळी बार्लोचा गडी येऊन पुन्हा ठोकून गेला.

१४ डिसेंबर, रविवार

काल रूबेनला भेटलो. एका खोलीत अकरा जण, चूल नाही. केस पांढरे झाले आहेत. खोकतो. उठून उभा राहिला तेव्हा भिंत धरली. मला आधी विचारलं ते माझ्या मांडीचं. माझ्या मांडीला काय धाड भरली आहे?

बार्लोच्या खुंट्यांचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, दिसलं मला. पण म्हणाला, जमीन न्यायची तर नेऊ दे, डॉर्कस आणि मी कुठेतरी खंडाने करू. मी म्हटलं, तू इथून जिवंत बाहेर येशील तर ना. शेजारच्या कोपऱ्यात एक माणूस पडला होता, त्याच्या तोंडावर टोपी होती. झोपला असेल असं मी धरून चाललो.

९ जानेवारी १७७८, शुक्रवार

डॉर्कसकडे गेलो. घरात फक्त एक खोली गरम ठेवते. मी म्हटलं, मी सोमवारी जातो आहे, त्याला सांगतो की तू सही करायला सांगितलं आहेस. तुझं तो ऐकेल.

ती सूत कातत होती. चाक थांबवलं.

"मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आणि सांगणार नाही. दादा, तो मेला तरी मी त्याची बायको राहीन. त्याला मोडून घरी आणलास तर मी कोणाची राहणार?"

मी म्हटलं, बायकांनी पुस्तकं वाचू नयेत ती याचसाठी. पुष्कळ बोललो. तिने चाक पुन्हा सुरू केलं, म्हणजे माझं बोलणं संपलं.

सगळे वेडे आहेत. एक तिकडे खोकून मरतो आहे, दुसरी इकडे त्याच्या मरणाची तयारी करून बसली आहे, आणि मधल्या मधे बार्लो गिरणी बांधतो आहे. शहाणा एकटा मी उरलो आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

काम झालं.

त्याला सांगितलं की डॉर्कस आजारी आहे, रोज रडते, आणि मला हात जोडून म्हणाली, त्याला सांग, माझ्यासाठी सही कर. डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ओळखलं याने. मग म्हणाला, "तिने असं सांगितलं?" मी म्हटलं, बायबलवर हात ठेवू?

ठेवला असता. खरंच ठेवला असता.

त्याने कागद मागितला. मी कागद धरला. सही झाली. खरं म्हणजे माझा ऊर भरून यायला हवा होता. दहा महिने या एका सहीसाठी मी घसा फोडला. आणि ती झाल्यावर मला त्याचा असा राग आला की तो कागद त्याच्या तोंडावर फेकावा. एवढंच होतं तर मग आधी का नाही? एवढ्यावर मोडायचं होतं तर इतका ताठ का उभा राहिलास? पण हे मी बोललो नाही. त्याला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं.

खोटं बोललो हे मला कळतं. माणूस वाचतो तेव्हा खोटं चालतं. कोणत्याही पाद्रीला विचारा. मी विचारणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डॉर्कस आली. बर्फातून चालत. केझायाने खुर्ची दिली, बसली नाही.

म्हणाली, रूबेनला ताप नाही, खातो आहे, काल गोठ्यापर्यंत चालला. मग म्हणाली, त्याने काल मला विचारलं, तुझं रडणं थांबलं का? मी म्हटलं, कसलं रडणं? तेवढ्यावर त्याला सगळं कळलं. मलाही.

मी विचारलं, काय म्हणाला?

"चुलीत लाकूड घातलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "ओरडला असता तर बरं झालं असतं, दादा. मार्चपासून तू त्याला शिव्या देत होतास, तरी तो घरात माझ्यापाशी तुझी बाजू घ्यायचा. आता तुझं नाव काढत नाही."

मी म्हटलं, तो जिवंत आहे. जमीन वाचली. बार्लोच्या खुंट्या मी काल स्वतः जाळल्या. आणखी काय हवं होतं तुम्हाला?

तिने दाराची कडी उघडली. "तुला जे हवं होतं ते झालं," म्हणाली आणि गेली. पाठोपाठ केझाया शाल घेऊन तिला पोचवायला गेली आणि दुपारपर्यंत परतली नाही. मुलींना मी जेवायला वाढलं.

माझं चुकलं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. हे मी शाईने लिहून ठेवतो आहे.

४ मे, सोमवार

कवायत. सही केलेला प्रत्येक माणूस हजेरीपटावर येतो, हा कायदा. रूबेनचं नाव शेवटी चढवलं होतं. बंदूक त्याची त्याला परत द्यायची होती, ती मीच दिली. त्याने घेतली, नळी पुसली, रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही असं नाही. रस्त्यावरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

बार्लो खुशीत नव्हता. जमीन हातची गेली, गिरणी गेली. तो घोड्यावरून उतरला, खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "आपल्यात एक नवा देशभक्त आला आहे. त्याने तुरुंगात सही केली, ती आपण कोणी बघितली नाही. आता पलटणीसमोर शपथ मोठ्याने वाचू दे, म्हणजे सगळ्यांची खात्री पटेल." काही जण हसले. मे महिन्याचं ऊन, नांगरट अर्धी राहिलेली, आणि साठ माणसं एका माणसाची गंमत बघायला उभी.

मी काठी टाकली. बार्लोपर्यंत चार पावलांत पोचलो आणि त्याचा गळपट्टा धरला. वर्षभर मनात साठवलेलं सगळं तोंडाशी आलं, कुजकं मांस, बारा गाड्या, अठरा गुरं, गावाचं रक्षण. मूठ उचलली होती. उजवी.

तेवढ्यात मागून रूबेन बोलला. आवाज चढवला नाही. "कॉर्पोरल, माझं नाव अजून पुकारलेलं नाही."

मी वळलो. तो रांगेत सरळ उभा होता, बंदूक खांद्याला. म्हणाला, "त्यांना सोड. वाचतो मी. त्यात काय आहे आता?"

त्याने पुढे येऊन माझ्या हातून बार्लोचा गळपट्टा सोडवला, बोट बोट करून. मग कागद घेतला आणि सगळी शपथ वाचली. एकसारख्या आवाजात, न अडखळता. बाजारातल्या भावांची यादी वाचावी तशी. आधी हसलेले खाली बघायला लागले. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी केली, बार्लोला दिली आणि जागेवर गेला.

काठी कोणीतरी उचलून माझ्या हातात दिली. हजेरी घ्यायची होती. एकोणसाठ नावं पुकारली. शेवटी म्हटलं, रूबेन स्प्रेग.

"हजर," तो म्हणाला.

घरी आलो तर केझाया दारात उभी. कवायत कशी झाली ते विचारलं नाही. रूबेनभावजी कसे होते, एवढंच विचारलं.

म्हटलं, हजर होता.